आपांनी सहाचे अहवाल थांबवले तेव्हा

"वाचतलो कोण?"

कुणी नवा अहवाल मागायला टेबलाशी आलं की आपा चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि एवढंच विचारायच्या. समोर मोठे साहेब असले तर भाषा बदलायची. "कोण वाचणार आहे, साहेब?" चष्मा मात्र तितकाच वर जायचा.

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. काजू, कोकम आणि उन्हाळ्यात आंब्याचा रस. कट्टा, बांदा अशा गावांत आमची खरेदी केंद्रं. कुठे किती माल आला, कुठली गाडी निघाली, शीतगृहाच्या कुठल्या खोलीत किती तापमान आहे, याचे अहवाल सर्व्हर रोज आपणहून तयार करायचा आणि ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवायचा. त्याने कुठल्या वेळी कुणाला काय पाठवायचं, हे ठरवणं म्हणजे आपांचं काम. मी खरेदी विभागात. माझं टेबल त्यांच्या शेजारी. कोल्हापूरला जाऊन त्या संगणकाचं शिकून आल्या तेव्हा आमच्याकडे मुली त्या वाटेला फारशा जात नसत. माहेर बांद्याचं, बाजारात वडिलांचं दुकान. आवाजही दुकानातलाच. फोनवर बोलायला लागल्या की पलीकडच्याला फोनची गरज नाही असं वाटायचं.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. काम दिसत नाही, माणूस तेवढं दिसतं.

सर्व्हरवर एक सोय होती. प्रत्येक अहवालाला वेगळी वेळ लावण्याऐवजी एकच सामायिक वेळ ठरवायची आणि तिला हवे तेवढे अहवाल जोडायचे. ती वेळ बदलली की सगळ्यांची बदलते, थांबवली की सगळे थांबतात. आपांनी या वेळांना नावं दिली होती. 'पहाटेचो', 'बाजाराचो', 'म्हयनोअखेर'. बाहेरून आलेला एक इंजिनिअर पडद्यावर ती नावं बघून हसला.

"ही कसली नावं, मॅडम?"

"उद्या मी नसले तर दुसऱ्याला वाचून कळायला नको?" आपा म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं, पण नावं तीच राहिली.

अहवाल लावून दिला की काम संपलं, असं त्यांच्याकडे नव्हतं. तो जिथे वाचला जातो तिथे त्या एकदा तरी जाऊन यायच्या. एकदा बांद्याच्या केंद्रावर गेल्या. तिथला खरेदीचा माणूस, सगळे त्याला भाऊ म्हणत, उन्हात उभा राहून, तडा गेलेल्या फोनवर, डोळ्यांवर हात धरून आकडे वाचत होता. परत आल्यावर त्यांनी तो अहवाल उघडला, निम्मे रकाने काढून टाकले आणि उरलेल्यांची अक्षरं मोठी केली. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला.

"आपा, आज चष्मो लागलो नाय."

आपा दिवसभर खूश होत्या. जो येईल त्याला ते वाक्य ऐकवत होत्या, भावाच्या आवाजात.

तरी 'पहाटेचो' फुगत गेला. तो सकाळी सहाचा. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला अहवाल सहालाच हवा असायचा. शेजारच्याला सहाला मिळतो आणि मला सातला, हे कुणाला चालायचं नाही. आपा नको म्हणायच्या, साहेबांकडून चिठ्ठी यायची, आणि आणखी एक अहवाल सहाला जोडला जायचा. हळूहळू सर्व्हरला ते ओझं पेलेना. सहाचे अहवाल साडेसहाला, सातला, मग कधी नऊच्या पुढे पोचू लागले.

आंब्याच्या भर हंगामात व्हायचं ते झालं. एका शीतखोलीचा कॉम्प्रेसर पहाटे धापा टाकायला लागला. धोक्याचा भोंगा बिघडलेला, दुरुस्तीला माणूस यायचा होता. तापमान चढत होतं आणि ते सांगणारा अहवाल बाकीच्या अहवालांच्या मागे अडकून बसला होता. तो हातात पडला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. मग कारखान्यात जो होता तो धावला. रसाचे डबे हातोहात दुसऱ्या खोलीत हलवले. आपाही पदर खोचून रांगेत उभ्या होत्या. माल वाचला, पण थोडक्यात.

दुपारी बैठक झाली. आपांनी विचारलं, "कोण आपला अहवाल उशिरा घेईल?" कोणीच हात वर केला नाही. हिशेबवाल्यांचा अत्यावश्यक, विक्रीवाल्यांचा त्याहून अत्यावश्यक. खोटं कशाला सांगू, आमच्या खरेदीवाल्यांचाही.

"मग मी सगळे थांबवते," आपा म्हणाल्या.

साहेब हसले. "आपा, कारखाना बंद पडेल."

"पडला तर माझं नाव सांगा. तापमानाचा अहवाल वेगळ्या वेळेवर काढून ठेवते, तो थांबणार नाही. बाकीच्यांत ज्याचं काम अडेल तो फोन करील. ज्याने फोन केला त्याचा अहवाल सुरू. आठवडाभर बघू."

साहेब नुसतं "बघू" म्हणाले आणि उठले.

जिन्यावर मी आपांना गाठलं. "आपा, साहेब हो म्हणाक नाय."

"नाय पण म्हणाक नाय मां? बस झाला."

आपांच्या घरी तेव्हा कमावत्या त्या एकट्या होत्या. ते मला माहीत होतं, त्यांनाही अर्थातच माहीत होतं. त्यांनी सगळ्यांना पत्र पाठवलं, दोन ओळींचं: सोमवारपासून सकाळी सहाचे अहवाल थांबवत आहे, काम अडल्यास मला फोन करावा, जबाबदारी माझी. आणि सोमवार उजाडण्याआधी 'पहाटेचो' थांबवून टाकला. एका कळीवर बोट, बस. मी शेजारी उभा होतो. आपांनी डबा उघडला आणि मला भाकरीचा तुकडा दिला.

सोमवारी सकाळपासून आम्ही फोनकडे बघत बसलो.

फोन वाजला नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. बांद्याहून भावाचा आला, "गाडयेत काय भरू?" कोठाराच्या कारकुनाचा आला. आपांनी त्यांचे अहवाल तिथल्या तिथे सुरू करून दिले. आणखी एकदोघे मंगळवारी. आणि मग शांतता. ज्यांनी बैठकीत टेबलावर हात आपटले होते त्यांच्याकडून काही नाही. त्यांनी आपांचं पत्रसुद्धा वाचलं नव्हतं.

गुरुवारच्या बैठकीत साहेबांनी खुर्चीत बसता बसता म्हटलं, "आज सकाळचा विक्रीचा अहवाल बघितला. आकडे बरे आहेत."

मी मान खाली घातली, कारण वर केली असती तर हसू फुटलंच असतं. आपा चहाच्या कपात बघत होत्या. बैठक संपली, सगळे पांगले, तेव्हा त्या एकट्याच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "साहेब म्हणतत, बंदच ठेव." आणि पुढे, "माणूस बरो आसा रे."

मला वाटलं, झालं. जिंकल्या आपा. पण खरी गोष्ट त्याच दुपारी घडली.

अहवालांच्या तळाशी आपांचा नंबर असायचा. त्यावर एका बाईचा फोन आला. आवाज बारीक, फोनची सवय नसलेला. आपांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"ह्यांच्या फोनार सकाळी वाजता ता चार दिस वाजूक नाय," बाई म्हणाली.

"तुमी खंयसून बोलतात?"

तिने कट्ट्याजवळचं एक गाव सांगितलं आणि नवऱ्याचं नाव सांगितलं. आपांचा चेहरा बदलला. माझाही बदलला असणार. तो आमच्या शीतगृहाचा पर्यवेक्षक, दोन वर्षांपूर्वी गेलेला. झोपेतच गेला. त्याचा पत्ता यादीतून काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. इतके दिवस रोज सकाळी कारखाना त्याला साठ्याचा अहवाल पाठवत होता, आणि त्याची बायको तो फोन चार्ज करून ठेवत होती. उघडून वाचत नव्हती; नंबरासाठी तेवढा एक जुना अहवाल उघडला होता. अहवाल आला की त्याने लावून ठेवलेला आवाज व्हायचा, तेवढं ऐकायची.

मग तिने विचारलं, "कंपनीन आता ह्यांचा नाव काढल्यान काय?"

आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाय गो बाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "नाव कोणी काढूक नाय. मशीन मीच बंद केलंय. परत येतला. मी येतंय तुझ्याकडे, रविवारी."

रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही दोघं गेलो. कट्टा सोडल्यावर आत वळायचं. काजूची झाडं, लाल मातीची पायवाट, सारवलेलं खळं. फोन खिडकीत उभा करून ठेवलेला, कारण घरात रेंज तिथेच येते. बाईंनी आम्हाला कोकमाचं सरबत दिलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपण कंपनीला त्रास दिला अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

आपा सरळ म्हणाल्या, "बाय, कारखान्यातले आकडे आता ह्या घरात पाठवूक गावाचे नाय. नियम आसा. पण सकाळी काय येवक व्हया ता तू सांग. ताच पाठवतंय."

"माका त्यातला काय कळना नाय."

"कळात असा पाठवतंय. तुका काय व्हया?"

बाई विचारात पडल्या. असं कुणी त्यांना विचारलं नसावं. खळ्यात काजूच्या बिया वाळत पसरलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पाऊस येतलो काय नाय, ता सांगशात? आभाळ भरला काय एकटी धावतंय सगळा गोळा करूक."

"सांगतंय," आपा म्हणाल्या.

येताना मी गाडी चालवत होतो आणि मागे आपा पदराने सारखा चष्मा पुसत होत्या. कुडाळजवळ आल्यावर मी विचारलं, "आपा, काय झाला?"

"काय नाय रे. ऊन लागला."

सोमवारी त्यांनी साहेबांना सगळं सांगून परवानगी घेतली. या खेपेला त्यांनी स्पष्ट 'हो' घेतलं. मग एक नवा अहवाल तयार केला. त्यात रकाने नाहीत, आकडे नाहीत; हवामानाच्या माहितीतून उचललेली मराठीतली एक ओळ. 'आज कट्टा परिसरात पाऊस नाही.' किंवा, 'आज दुपारनंतर सरी. वाळवण लवकर उचलावं.' त्याला स्वतंत्र वेळ, सकाळी सहा. वाचणारं माणूस एक. ज्या सर्व्हरवर साहेबांच्या लाडक्या अहवालांना जागा नव्हती तिथे आपांनी या ओळीला जागा दिली. मी बघत होतो. आमच्या कचेरीत मोठमोठी माणसं येऊन गेली, पण असं काही करायला पाहिजे हे कुणाला सुचलं असतं, मला सांगा.

गेल्या वर्षी आपांनी गुडघ्यांमुळे काम सोडलं. सोडण्याआधी कितीतरी दिवस त्या एकच गोष्ट करत होत्या. सर्व्हरवर प्रत्येक अहवाल कुणाच्या तरी नावावर असतो. त्या माणसाचं खातं बंद झालं की अहवालही बंद पडतो. सगळे आपांच्या नावावर. त्या एकेक अहवाल घेऊन एकेका माणसाच्या टेबलाशी जायच्या, समजावून सांगायच्या आणि त्याच्या नावावर करून द्यायच्या. पावसाची ओळ माझ्या नावावर केली. नुसता पडदा माझ्याकडे फिरवला.

शेवटच्या दिवशी निरोपाचं पेढ्यांचं वगैरे झालं. आपा पुन्हा आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या, सवयीने काहीतरी उघडायला गेल्या, पण खातं आधीच बंद झालं होतं. मशीन त्यांना आत घेईना. त्यांनी पुन्हा परवलीचा शब्द टाकला. पुन्हा नाही.

"ओळखना नाय माका," त्या मोठ्याने हसल्या. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. मग डबा पिशवीत टाकून घरी जायच्या गाडीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून फोन घेऊन बसलो. काहीतरी अडेल, एखादा अहवाल येणार नाही, मग आपांना फोन करायला कारण मिळेल. सगळे आले, वेळेवर. त्यानंतरच्या दिवशीही, आणि पुढे आठवडे गेले तरी. त्या गेल्या आणि एकही गोष्ट थांबली नाही. एवढं सगळं त्यांनी नीट लावून दिलं होतं.

शेवटी एका रविवारी मी बिनकारणाचाच फोन केला.

"काय बंद पडला?" आपांनी उचलल्या उचलल्या विचारलं.

"काय नाय, आपा."

"मगे?"

"असोच केलंय."

"जेवलंस?" त्यांनी विचारलं. मी उत्तर देणार इतक्यात त्यांच्या दारात मासळीवाली आली असावी. आपा फोन हातात तसाच धरून तिच्याशी बोलू लागल्या. बांगडे शिळे कसे दिसतात, हिने काल काय दिलं होतं, आज काय देणार. त्यांचा तो आवाज पूर्ण चढला होता. मी फोन ठेवला नाही. कानाशी धरून ऐकत बसलो.