चहातला दोडका

दोन वस्तू शेजारी दिसल्या की त्यांतली सरस कोणती, हे ठरवल्याशिवाय आमच्या आष्ट्याच्या साडूंना पाणीसुद्धा गोड लागत नाही. सारी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली; निवृत्तीनंतर उसाच्या गाड्या सुटल्या, तोलणं काही सुटलं नाही. एकाच दिवशी दोन लग्नं आली तर ते दोन्हीकडे जेवतात आणि कुठली आमटी सरस, ते हरलेल्या पक्षाला फोन करून कळवतात. सांगलीच्या स्टँडवर एकदा माझ्यादेखत त्यांनी उभी गाडी सोडली, कारण मागची बसायला बरी दिसत होती. ती बरी गाडी निम्म्या वाटेत बंद पडली. मी नुसतं बघितलं, तर म्हणाले, "पावनं, सीट कसली मऊ हाय ते बघा की!"

मागल्या वर्षी त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीची, आक्काची तब्येत ढासळली. खाल्लेलं अंगी लागेना. पदर खांद्यावर ठरेना. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की गहू यांना सोसत नाही, कायमचा बंद. भाकरी चालणार होती, त्यामुळे जेवणाचा प्रश्न नव्हता. पण आक्का माहेरापासून सकाळच्या चहात पाव बुडवून खाणारी. तो सुटला आणि तिचा चेहराच उतरला. पुण्याच्या मुलानं ग्लुटेन-फ्री ब्रेडचं एक पाकीट पाठवून दिलं.

"ग्लुटेन म्हंजी गव्हातला चिकटपणा," साडूंनी मला समजावलं. "त्योच काढला तर पाव उभा कशाच्या जिवावर ऱ्हायचा?" मग त्यांनी भिंगातून पाकिटाची पाठ वाचली आणि ते बगलेत मारून थेट मंडई गाठली.

"ह्या पावात चोथा नावालाच हाय," त्यांनी भाजीवालीला विचारलं. "तुज्या दोडक्यात किती?"

"आवं अण्णा, घ्यायचा तर घ्या. दोडका हाय त्यो, टॉनिकची बाटली न्हवं!"

दोडका घेतला, शेपू घेतला, घेवडाही घेतला. ज्यांना उभ्या जन्मात चहा उकळता आला नव्हता, ते साडू त्या दिवसापासून भाज्या शिजवू लागले. पहिल्या शेपूत मीठ दोनदा पडलं. आक्कापुढं एका ताटलीत भाजी आणि दुसरीत पाव ठेवून त्यांनी वकिलासारखं भाषण केलं: "हिच्यात लोह, जीवनसत्त्वं, चोथा. ह्याच्यात नुसतं तांदळाचं पीठ आन् हवा!" पाकीट शेजारच्यांना देऊन टाकलं.

भाजी-भाकरीनं आक्काला हळूहळू तरतरी आली, यात शंका नाही. पण सकाळचा चहा ती अर्धा तसाच टाकायची. एकदा साडूंनी कारण विचारलंच.

"भाजीच भारी. मी कुटं न्हाई म्हंते?" आक्का हळूच म्हणाली. "पर च्यात दोडका बुडवता येतोय का?"

मिळेल त्या गाडीनं साडू सांगलीला गेले आणि चार दुकानं पालथी घालून तसलाच पाव घेऊन आले. तो चहात पडल्या पडल्या विरघळला. आक्कानं चमच्यानं गोळा करून खाल्ला.

"कसा हाय?"

"आपल्या पावासारखा न्हाई," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला.

परवा त्यांच्याकडे मुक्काम होता. सकाळी उठून बघतो तर साडू पावाचे तुकडे तव्यावर शेकताहेत. तसे केले की चहात विरत नाहीत म्हणे. मी मुद्दाम विचारलं, "अण्णा, पोषणाचं काय?"

"गप बसा, पावनं. झोप मोडंल तिची."

तुकडे बशीत घेऊन ते तिच्या खाटेपाशी जाऊन बसले, ती जागी व्हायची वाट बघत. चहा निवत चालला होता. मी तो पुन्हा गरम करायला ठेवला.