तात्यांच्या दुकानातला खांब

तात्या गेल्याचं त्यांच्या लेकानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. महिना होत आला, पण त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज आता येत नाही, हे कानाला अजून पटत नाही...

आमची इमारत भर बाजारपेठेतली, आजोबांच्या काळातली. खाली काळा दगड, वर सागवान. एके काळी इथं गुळाच्या अडत्यांच्या पेढ्या होत्या. मग रेडिओ दुरुस्तीवाले आले, वकील आले, मोबाईलवाले आले. पहिल्या मजल्यावर तात्यांचं टेलरिंग आणि शेजारी माझं पत्रिकांचं दुकान. कुठल्या गाळ्यात कोण होतं, कुणी कुठली खिडकी बुजवली, सगळं तात्यांना तोंडपाठ. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते इतिहास सांगायचे आणि मध्येच दरडावायचे, "हालू नका पावणं, अजून दुसरा मजला ऱ्हायलाय!"

एका पावसाळ्यात पाणी मुरून माडीची तुळई तडकली. आता इमारत पाडायला लावणार म्हणून आम्ही सगळेच हबकलो. इंजिनिअर म्हणाले, लोखंडी खांब दिला तर वाचेल. पण तो येणार एक तर माझ्या दुकानाच्या मधोमध, नाहीतर तात्यांच्या. मी फरशीकडं बघत राहिलो. खोटं कशाला बोलू? तात्या मात्र लगेच म्हणाले, "माझ्याकडं घाला की! त्यात काय एवढं?"

एवढं होतं. खांबासाठी त्यांचं कापड बेतायचं लांबलचक टेबल करवतीनं कापावं लागलं. निम्म्या पेठेच्या नवरदेवांचे कोट त्यावर बेतले होते त्यांनी. नंतर कोट बंदच झाले. विजारी, शर्ट आणि उसवलेलं शिवणं, एवढंच काम उरलं. मी एकदा चाचरत विषय काढला, तर म्हणाले, "गप की लेका! इमारत ऱ्हायली न्हवं?" असा दिलदार माणूस मी दुसरा पाहिला नाही. माफी मागायची तेवढी राहूनच गेली...

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा लेक एका व्यापाऱ्याला गाळा दाखवायला घेऊन आला. खांब बघून त्या गृहस्थानं नाक मुरडलं. "मधी ही काय अडचण ओ?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "माझं दुकान घ्या तुम्ही. मोकळं हाय. हे मी घेतो."

आता मी तात्यांच्या जागेत बसतो. कपाटं कशीबशी लावलीत, तरी वळताना दिवसातून दोनदा खांबावर खांदा आपटतोच. बायको म्हणाली, खांबाला गादी गुंडाळून घ्या. नको म्हटलं... लागू दे.