बर्फात ठेवलेली नळी

रक्तदाब म्हटलं की लोक टेन्शनकडे नाहीतर लोणच्याकडे बोट दाखवतात. ते ऐकलं की माझं डोकंच उठतं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांतला एक हार्मोन शरीरात मीठ धरून ठेवतो. तो हट्टाला पेटला की माणूस कितीही अळणी जेवो, दाब उतरत नाही. सिल्वासातल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत मी कित्येक वर्षं याच हार्मोनच्या मागे लागले आहे. टोकरखाड्यातले शेजारी मला ‘बीपीवाल्या बाई’ म्हणतात. म्हणोत बापडे.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, अथाल गावातल्या धाग्याच्या कंपनीत काम करणारी एक बाई आमच्या रक्तदाबाच्या पाहणीत आली. धुळ्याकडची, चौतीस वर्षांची. रोज तीन गोळ्या घेऊनही दाब चढलेलाच, शिवाय पायांत सारखे गोळे.

“मनी माय पस्तिसाव्या वर्षी डोक्यातली नस फुटून गेली, मॅडम. तिलेबी असंच बीपी होतं. मना नंबर कधी, तेवढं सांगा.”

ती हसत होती. मला हसू आलं नाही.

तिच्या रक्तात दोन गोष्टी मोजायच्या होत्या: हा मीठ धरणारा हार्मोन आणि त्याला हुकूम सोडणारं रेनिन. हुकूम नसतानाही हार्मोन काम करतच असेल, तर बिघाड ग्रंथीत आहे असं समजायचं, आणि त्यावर चांगला इलाज आहे. रिपोर्टात रेनिन भरपूर निघालं. म्हणजे ग्रंथी निर्दोष. ‘सगळं बरोबर आहे’ असं तिला फोनवर सांगून मी मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात मी शिकाऊ तंत्रज्ञांच्या वर्गात नेहमीच्या तोऱ्यात सांगत होते, “रेनिनची नळी बर्फात ठेवायची नाही. थंडीत त्याचं झोपलेलं रूप जागं होतं आणि आकडा उगाच फुगतो.” वाक्य पुरं झालं आणि मला त्या बाईची नळी आठवली. अथालहून ती नळी मीच आणली होती. उन्हात खराब होईल म्हणून, बर्फाच्या डब्यात, अगदी जपून. दूध, मासे, लस, जे टिकवायचं ते बर्फात, एवढंच हाताला ठाऊक. इतकी वर्षं जे शिकवलं, ते त्या दुपारी हात साफ विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या खोलीवर गेले. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. दारात त्यांतलं एकही आठवलं नाही.

“चूक माझी झाली. तुमचं रक्त मी चुकीच्या पद्धतीनं नेलं. पुन्हा द्याल का?”

“तुम्हीच बोलल्या ना, सगळं बराबर शे म्हणून? मी तर एक गोळी सोडून बी दिली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच दाब मोजला. आधीपेक्षा चढला होता. ती भडकली होती आणि तिचं काही चुकत नव्हतं. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर ती खुर्चीवर बसली आणि तिनं बाही वर सरकवली.

“चूक झाली असं सांगायला इतक्या लांब कोणी येत नाही,” ती म्हणाली. “घ्या.”

या वेळी नळी रुमालात गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून आणली. रेनिन जवळजवळ नव्हतंच आणि हार्मोन मात्र चांगलाच उधळलेला! मी टेबलावर थाप मारली. कुणाचा तरी आजार सापडला म्हणून नाचावंसं वाटणं हा आमच्या धंद्यातला निर्लज्जपणा आहे, पण मला खरंच फार आनंद झाला. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या, तिची गोळी बदलली आणि काही महिन्यांत दाब ताळ्यावर आला. पायांतले गोळेही गेले.

गेल्या महिन्यात कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली, नवी साडी नेसून. तपासायचं तर काहीच नव्हतं.

“आज काय विशेष?” मी विचारलं.

“वाढदिवस शे. छत्तीस पुरे झाले.” तिनं पदर नीट केला. “मी आता मनी मायपेक्षा मोठी झाली, मॅडम.”