भोकं बुजवणाऱ्या मावशी

मी पिस्तूल शिकवतो. मूठ कशी धरायची, श्वास कुठं रोखायचा, चाप कसा दाबायचा, हे सव्वीस वर्षं पोलिसांना ओरडून ओरडून सांगतोय. घरी बायको म्हणते, मीठ मागतानासुद्धा तुम्ही हुकूम सोडता. तर अशा मला पिस्तुलातली एक गोष्ट एका बाईनं शिकवली, जिनं जन्मात कधी पिस्तूल हातात धरलं नाही.

आमच्या सरावाच्या मैदानावर या मावशी टार्गेटांची भोकं बुजवतात. पूर्वी त्या गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या, काजं-बटणांच्या टेबलावर. कारखाना बंद पडला आणि त्या गळ्यात मेझरटेप तशीच घेऊन इकडं आल्या. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. मातीच्या बांधाशेजारी त्यांची पत्र्याची खोली आहे. तिथं एक टेबल, खळीचं भांडं आणि कागदाच्या काळ्या-पांढऱ्या गोल चकत्या. गोळीबार थांबला, लाल झेंडा खाली आला की मावशी भांडं घेऊन पंचवीस मीटर चालत जायच्या आणि एकेका भोकावर चकती डकवायच्या. आम्ही तोवर चहा प्यायचो. त्यांच्याकडं बघायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्या तर मुळीच नाही.

त्यांच्या गमती मात्र कानावर यायच्या. एकदा एका हवालदाराला म्हणाल्या, "घरी भांडण मिटवा, चार दिवस झाले गोळ्या वर जातायत." भांडण खरंच होतं. आम्ही हसलो आणि विसरलो.

आता माझी करामत ऐका. तीन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी विचारलं, पोलिसांच्या खास पथकाला कुठलं पिस्तूल द्यायचं, नऊ एमएमचं की पंचेचाळीस बोअरचं? नऊचं लहान गोळीचं, पंचेचाळीसचं मोठ्या गोळीचं आणि जाड मुठीचं. मी माझ्यासकट दहा जण उभे केले, प्रत्येकाला दोन्हींच्या दहा-दहा गोळ्या दिल्या आणि गुण मांडले. हजारात मोठी गोळी सहा गुणांनी पुढं. मी छाती काढून अहवाल लिहिला : मोठी गोळी जास्त अचूक. तेव्हापासून पथकात पंचेचाळीसच. चाचणीत तीनदा नापास झाला की माणूस पथकाबाहेर, परत रजिस्टरं लिहायला.

यंदा पथकात एक पोरगी आली. इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणायचे. चार वर्षं भांडारात गणवेश मोजून, तीन अर्ज करून ती इथं पोचली होती. धावण्यात पहिली, दोर चढण्यात पहिली, आणि पिस्तुलात दोनदा नापास. तिसरी चाचणी शुक्रवारी होती. सोमवारी मला म्हणाली, "सर, मला परत भांडारात नका पाठवू. काय चुकतंय तेवढं सांगा." मी म्हटलं, सराव कर. दुसरं काय सांगणार, मलाच कळत नव्हतं.

मंगळवारी तिचं टार्गेट फायलीला लावायला हवं होतं म्हणून मावशींच्या खोलीत गेलो.

"काढताय का पोरीला?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी बघू. पण तिच्या हाताला नेमच नाही."

"हाताला आहे हो. हात मुठीला पुरत नाही."

त्यांनी कागद खिडकीशी धरला, मागच्या बाजूनं भोकांवरून बोट फिरवलं. "बोटाचं नुसतं टोक चापाला लागतं. टोकानं ओढते, म्हणून गोळी डावीकडं जाते. धक्क्याच्या धास्तीनं मनगट आधीच झुकतं, म्हणून खाली. दहाच्या दहा बघा, एकाच खिशात घातल्यासारख्या आहेत. नेम नसता तर कागदभर सांडल्या असत्या."

मी बघितलं. डावीकडं खाली, तळहाताएवढ्या जागेत दहा भोकं. मी फक्त गुण बघत आलो होतो, आणि गुण होते शंभरात चव्वेचाळीस. चूक समोर दिसत होती, पण तोंड कुठं गप्प बसतंय.

"मोठी गोळी जास्त अचूक आहे, मावशी. मी स्वतः सिद्ध केलंय."

"सहा गुणांनी," त्या म्हणाल्या.

मला राग आला. माझा आकडा यांना कसा पाठ? त्यांनी कपाटातून कागदांची गुंडाळी काढली. माझ्या त्या चाचणीची वीसही टार्गेटं होती, एकावरही चकती न लावलेली.

"दोन काजांमधलं अंतर कुठून मोजतात, उस्ताद?"

"मला काय विचारता, मी शिंपी आहे का?"

"मध्यापासून मध्यापर्यंत. काठापासून मोजलं आणि उद्या मोठी काजं केली, तर अंतर कमी भरेल. शर्ट तोच, माणूस तोच." त्यांनी एका भोकावर पेन्सिल टेकवली. "तुम्ही काठ बघितलात. भोकाचा काठ टार्गेटावरच्या गुणाच्या रेघेला लागला की वरचा गुण. मोठ्या गोळीचं भोकच मोठं, त्याचा काठ रेघेला जास्त वेळा लागणार. गोळी काही आत गेलेली नाही."

नियम तोच होता, जगभर चालतो, स्पर्धेला ठीक आहे. पण दोन वेगळ्या गोळ्यांची तुलना मी त्यानं केली होती. मी खुर्ची ओढून बसलो. त्या दिवशी दुपारभर आम्ही दोनशे भोकं मध्यापासून मोजली. मी भिंग घेऊन चाचपडत होतो, मावशी नुसत्या बघून मिलिमीटर सांगायच्या, आणि पट्टी लावली की तेवढंच भरायचं. पाच-सहा वेळा पडताळल्यावर मी पट्टी ठेवून दिली. देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं मला त्या पत्र्याखाली.

सहाची आघाडी उडाली. लहान गोळी दोन गुणांनी पुढं, म्हणजे तसं दोन्ही सारखंच. पण माणूस माणूस बघितला तर चित्र वेगळं होतं. तिघांचा हात मोठ्या पिस्तुलावर जास्त बसत होता, पाच जणांचा लहानावर, दोघांना काहीच फरक नव्हता. पाच जणांतला एक मी होतो. तीन वर्षं मी पंचेचाळीसची थोरवी गात होतो आणि माझंच मनगट झुकत होतं.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मावशी, तुम्ही खळीचं बघा."

मला आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, आवाजासकट.

बुधवारी साहेबांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं, माझा अहवाल चुकीचा आहे, ज्याच्या हाताला जे पिस्तूल बसेल ते त्याला द्या. साहेबांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर जास्तच ऐकवलं असतं. शेवटी त्यांनी सही केली.

शुक्रवारी काडीनं नऊ एमएम उचललं. बोट चापावर नीट बसलं, हे मला दहा पावलांवरून दिसलं. दहा गोळ्या. झेंडा खाली आला तेव्हा मी चहाला गेलो नाही, मावशींच्या मागोमाग टार्गेटापर्यंत चालत गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. ब्याण्णव गुण, आणि सगळी भोकं बशीखाली झाकतील एवढ्या जागेत. काडी लांब उभी राहून आमच्या तोंडाकडं बघत होती. मी हात वर केला. ती धावत आली आणि स्वतःच भोकं मोजायला लागली.

मावशींनी चकती लावली नाही. कागद उतरवला, गुंडाळी केली आणि मला खोलीत यायला सांगितलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी आणखी चार गुंडाळ्या काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं एकेक नाव होतं. तीन वर्षांत मी ज्यांना नापास करून पथकाबाहेर काढलं, ते चौघे. मी एक उलगडली. डावीकडं खाली, तळहाताएवढ्या जागेत दहा भोकं.

"यांचं काय करायचं, उस्ताद?" मावशींनी विचारलं.

मी त्यांच्या टेबलावरचं खळीचं भांडं बाजूला सरकवलं आणि कागद-पेन मागितलं. परत चाचणीला बोलावणारं पहिलं पत्र तिथंच बसून लिहिलं.