पासपोर्ट कुठल्या रकान्यात लिहायचा

त्या वसंतात लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या घरी फ्रिजवर दोन कागद लावलेले होते. एक माझा. या देशात कायम राहण्याच्या अर्जाची यादी, एकोणीस बाबी, एकोणीसही टिक केलेल्या. दुसरा मुलीचा, पण आखून मी दिलेला.

मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, पॉलिटिक्स करत होती आणि त्यात अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचा मोठा भाग होता. सिव्हिल लिबर्टीज आणि सिव्हिल राइट्स यांत तिचा दर वेळी गोंधळ व्हायचा. गोंधळ मला बघवत नाही. मी मोठा कागद घेतला, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि तिच्या पुस्तकातून दोन रकाने भरून घेतले. डावीकडे लिबर्टीज, म्हणजे सरकारने तुमच्या बाबतीत काय करायचं नाही: बोलणं बंद पाडायचं नाही, प्रार्थनेत लुडबूड करायची नाही, वॉरंटशिवाय घर उचकायचं नाही. उजवीकडे राइट्स, म्हणजे सरकारने पुढे होऊन काय बघायचं: मत देता येतंय ना, रंगावरून कुणाला शाळेच्या दारातून परत पाठवत नाहीत ना. रोज स्वयंपाक करताना मी कार्डं काढून विचारायचे आणि ती म्हणायची, "डावीकडे," "उजवीकडे." दहापैकी नऊ बरोबर यायला लागली.

अर्जात मुख्य अर्जदार मी होते. लंडनच्या एका बँकेत प्रोजेक्टची वेळापत्रकं सांभाळायचे. नवरा आणि मुलगी माझ्यावर अवलंबून, असं फॉर्ममध्ये लिहिलेलं. अर्ज स्वतः नेऊन दिला तर त्याच दिवशी निकाल लागायचा आणि पासपोर्ट हातात मिळायचे. पण अपॉइंटमेंट मिळत होती ती व्हिसा संपायच्या आदल्या आठवड्यातली. तोवर सगळं भरून तयार असलेलं पाकीट टेबलावर पडून राहणार, ही कल्पना मला सहन होईना. पोस्टाने लगेच पाठवता येत होतं.

"अगं, थांबू या की," नवरा म्हणाला. "तिघांचे पासपोर्ट किती दिवस अडकतील, काय भरवसा?"

"कुठे जायचंय आपल्याला?"

"कुठे नाही."

"मग?"

मी पाकीट पोस्टात टाकलं आणि एकोणिसावी टिक केली.

एप्रिलमध्ये सकाळच्या चहाच्या वेळी पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. आईला पक्षाघाताचा झटका आला होता. "ताई, शुद्धीवर आहे. बोलते, पण अर्धंच कळतं. तू निघ."

फोन ठेवून मी सामानाची यादी करायला बसले. पहिल्या ओळीत सवयीने 'पासपोर्ट' लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. आमचा जुना व्हिसा मार्चमध्ये संपला होता. नव्याचा निकाल यायचा होता. पासपोर्ट कुठल्या तरी इमारतीत कुठल्या तरी कपाटात होता.

इमिग्रेशनच्या हेल्पलाइनला पाऊण तासाने कुणीतरी मिळालं. बाई फार अदबीने बोलली. पासपोर्ट मागितला तर जरूर परत पाठवू. फक्त प्रवासासाठी मागितला, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जाईल. माझा अर्ज गेला की माझ्यावर अवलंबून असलेल्या दोघांचाही जाईल. मग तिघांनाही देश सोडावा लागणार, आणि मुलीची परीक्षा सात आठवड्यांवर होती.

"म्हणजे मला जाता येणार नाही," मी म्हटलं.

"असं नाही, मॅडम. तुम्ही केव्हाही जाऊ शकता."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. फोनवर काय बोलणं झालं ते वेळेसकट लिहून ठेवायची माझी सवय आहे.

मी आईच्या डॉक्टरांचं पत्र फॅक्सने मागवून इमिग्रेशन ऑफिसला पाठवलं. इथल्या खासदाराला लिहिलं. त्यांच्याकडून पोच आली, छापील. संध्याकाळी कार्डं घेऊन बसले आणि मुलीला विचारलं, "माझा पासपोर्ट कुठल्या रकान्यात?"

"आई, हा अमेरिकेचा युनिट आहे."

"असू दे. सांग."

तिने विचार केला. "तुला कोणी अडवलंय का? अरेस्ट वगैरे?"

"नाही."

"मग लिबर्टी नाही. दुसऱ्यांना दिला आणि तुला नाही, असं झालंय का?"

"नाही. रांगेत सगळ्यांना सारखंच ठेवलंय."

"मग राइट्स पण नाही." तिने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. "मग कुठेच नाही, आई."

दोन दिवसांनी ती पुस्तक घेऊन धावत जिन्यावरून खाली आली. "हे बघ! अमेरिकेच्या घटनादुरुस्तीत इथे, कायद्याचं संरक्षण कुणाला, तर सिटिझन नाही, पर्सन लिहिलंय. कुठलाही माणूस!" देश वेगळा, घटना वेगळी, तरी ती एक संध्याकाळ मला बरं वाटलं. पुढच्या धड्यात ती दुरुस्ती झाल्यावरही काळ्या मुलांच्या कित्येक पिढ्या वेगळ्या शाळांत बसल्याचं होतं.

"तेव्हा ते वाक्य नव्हतं?" मी विचारलं.

"होतं ना."

"मग?"

"मग काय. होतं."

भाऊ आईच्या कानाला फोन लावून द्यायचा. "कधी येतेस?" एवढं तिचं स्पष्ट यायचं. मी म्हटलं, गुरुवारी. तिने वहिनीला गुरुवारी शेवग्याची आमटी करायला सांगितलं. गुरुवारी मी म्हटलं, तिकीट मिळालं नाही, सोमवारी येते. सोमवारी फोन कानाला लावल्यावर ती नुसती श्वास घेत राहिली. तिने विचारलंच नाही.

त्या दिवशी जेवताना मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, "तू जा, आई. मी इंडियात करेन काहीतरी." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो गेले कित्येक दिवस "तू ठरव" एवढंच म्हणत होता.

"अभ्यास कर," मी म्हटलं. जायचं नाही, हे माझं ठरलं ते या दोन शब्दांतच. नंतरही मी कधी ते वेगळ्या शब्दांत सांगू शकले नाही.

आई पुढच्या शुक्रवारी गेली. तेराव्यापर्यंत भावाने रोज फोन केला, कुठल्या विधीला काय लागतं ते विचारायला. याद्या माझ्याकडे असतात, हे सगळ्यांना माहीत. मी इथून सांगत गेले, त्याने तिथे आणलं. तेराव्याला तो म्हणाला, "ताई, गुरुवारची आमटी तिने खाल्ली नाही. तुझ्यासाठी ठेवा म्हणाली."

मुलीच्या पेपरात आमच्या रकान्यांवरचा प्रश्न आला. तिने तो सोडून दुसरा सोडवला. का, ते मी विचारलं नाही.

जूनच्या शेवटी रजिस्टर पोस्टाने तिन्ही पासपोर्ट आले. तिन्हींवर कायम राहण्याच्या परवानगीचा शिक्का होता. स्पेलिंग, जन्मतारखा, सगळं बरोबर होतं. मी पानं पुन्हा एकदा तपासली.

"तिकीट बघू का?" नवऱ्याने विचारलं.

"कशाला?" मी म्हटलं आणि पासपोर्ट फाइलीत लावले.