नाव जरूर सांगा

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं बियाण्याच्या पाकिटावर आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. मग गुलाबी अळी आली आणि छापलेल्या शब्दावरचा विश्वास उडाला. मी तेव्हा खामगावात नोकरी करून एक वेबसाइट चालवत होते. कापसाचे भाव आणि फवारणीचे सल्ले, एवढंच त्यात असायचं. लोक वाचायचे, पण मिळकत शून्य. उलट साइटचं वर्षाचं भाडं माझ्याच पगारातून जायचं आणि नवरा म्हणायचा, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजते आहेस." तो खरं बोलत होता, म्हणून जास्त राग यायचा.

अशात देऊळगाव राजाहून एक गृहस्थ आले. पिढीजात टिनाची नरसाळी आणि डबे करणारं त्यांचं घर. आता ते कामगंध सापळे बनवत होते. वर नरसाळं, त्यात मादी पतंगाचा वास असलेली गोळी, खाली पिशवी. नर वासाला भुलून येतो आणि पिशवीत पडतो. थैलीतून एक सापळा काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"ताई, तुमच्या साइटवर याच्याबद्दल लिहा. तुमच्याकडून गिऱ्हाईक आलं तर सापळ्यामागे पाच रुपये तुमचे."

मी बारा म्हटलं. ते हसले. चहा झाला, पोहे झाले, आणि आम्ही आठावर आलो. इतक्या सहज कसे काय आले, म्हणून मला तिथेच शंका आली. समोरचा लवकर कबूल झाला की मला चैन पडत नाही, हा माझा जुना रोग आहे.

"पण माझ्याकडून कोण आलं, हे मला कसं कळणार?"

"फोनवर तुमचं नाव घेतलं की वहीत खूण करीन. एरवी सापळा चाळीसचा. तुमचं नाव घेणाऱ्याला अठ्ठेचाळीस सांगीन. चाळिसातून आठ काढले तर माझ्या हातात काय राहील?"

हे आठ रुपये माझ्या वाचकाच्या खिशातून येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. साइटचं भाडंही दिसत होतं. मी "चालेल" म्हटलं, सापळ्यांवर एक चांगलं पान लिहिलं आणि तळाशी ठळक अक्षरात टाकलं: फोन करताना आमचं नाव जरूर सांगा.

महिन्याभरानं मी त्यांना विचारलं.

"सापळे चांगले खपून राहिलेत ताई," ते म्हणाले, "पण तुमचं नाव एकानंही घेतलं नाही."

एकानंही नाही. ते पान रोज कितीतरी लोक उघडत होते, तो आकडा माझ्यासमोर होता. माझं डोकं फिरलं. ऑफिसातल्या मैत्रिणीला मी गिऱ्हाईक बनवून फोन करायला लावला आणि साइटचं नाव घे म्हणून दोनदा बजावलं. संध्याकाळी त्यांचाच मला फोन आला. "ताई, आज तुमचं पहिलं गिऱ्हाईक आलं बघा." त्यांना खरंच आनंद झाला होता. दुसऱ्या कोणाला त्यात सच्चेपणा दिसला असता. मी म्हटलं, पक्का आहे, माझी चाल बरोबर ओळखली यानं.

दुसऱ्या दिवशी मी ते पान काढून टाकलं. कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, आणि फुलं धरायचे दिवस, सापळे लावायची वेळ तीच होती. मला ते माहीत होतं, मीच तसं लिहिलं होतं. पण फुकटात त्यांचं दुकान चालवायला मी काही वेडी नव्हते.

तीन आठवड्यांनी मी जळगाव जामोदकडे माहेरी गेले. दादानं शेतात नेलं. कपाशीत जागोजागी तीच नरसाळी उभी होती.

"हे कुठून आनले रे?"

"तुह्याच साइटवर वाचलं ना. चौघांचे मीच मागवले."

"मंग माह्यं नाव सांगतलं काय?"

"काऊन सांगू?" त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "कोनी धाडलं ते सांगतलं का धाडनाऱ्याचं कमिशन भावात चढते. बाबा काय शिकवत होते बाजारात? अन् तू तर मोठ्या अक्षरात लिहेल होतं, नाव जरूर सांगा. तवाच समजलो, याच्यात कोनाचं तरी हाय. कोन सांगन मंग?"

बाबांची ती शिकवण मलाही पाठ होती. बैल घ्यायचा असो की लुगडं, ओळख सांगायची नाही. खामगावच्या कापड दुकानात मी स्वतः आजही तेच करते. आणि त्या टिनवाल्या भल्या माणसाला मी तीन आठवडे चोर समजत होते. मला फार लाज वाटली.

"तुह्यं काही होतं काय त्याच्यात?" दादानं विचारलं.

"हाव. आठ रुपये."

तो वाकून एका सापळ्याची पिशवी नीट करू लागला. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शेजारचे काका बांध ओलांडून आमच्याकडे आले. त्यांच्या हातात चार-पाच फुलं होती, पाकळ्या एकमेकींत गुंतून न उमललेली. आमच्याकडे त्यांना डोमकळ्या म्हणतात. त्यांनी एक फोडून दाखवली, आत अळी होती. त्यांच्या वावरात एकही सापळा नव्हता.

"बरं झालं बाई, तू आली. तीन हप्ते झाले, तुह्यं ते पानच सापडत नाही. तुह्या भावाचा फोन पान्यात पडला, नंबर त्यातच गेला. कापूस हातचा चालला पाह्य."

मी नंबर दिला. त्यांनी तिथेच फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना फोनवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, "कोनी धाडलं म्हनून सांगू?"

"कोनाचंच नाव घेऊ नका, काका," मी म्हटलं.