मनकर्णामावशीची न संपणारी कबुली

मनकर्णामावशी आमच्या वस्तीची सुईण. बाप्तिस्म्याचं नाव मार्था, पण ते फक्त फादरच्या तोंडी. बाकी सगळ्यांना ती मनकर्णाच. डोणगावच्या थोडं अलीकडे, मेहकरच्या रस्त्याला लागून आमची ख्रिस्ती वस्ती होती, आठ-दहा घरांची. पण मावशीला बोलावणं गावातल्या माळ्यांच्या, कुणब्यांच्या घरूनही यायचं. ठेंगणी, रुंद हाडाची, कपाळावर गोंदण. हात असे ऊबदार, की पोटाला लागले की बाईचं अर्धं भय तिथंच जायचं. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सगळी बाळंतपणं तिच्याच हातची.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे चर्च नव्हतं. महिन्यातून एकदा फादर लोरेन्स मोटरसायकलवर यायचे, आणि शाळेच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड घालून मिस्सा, म्हणजे आमची उपासना, व्हायची. मिस्सा नुकतीच लॅटिनमधून मराठीत आली होती. म्हाताऱ्या बायांना त्याचा एवढा आनंद, की फादरचं वाक्य संपायच्या आधीच त्यांचं उत्तर तयार.

मिस्सेच्या आधी पापस्वीकार. त्याची सोय आम्ही आमच्या परीनं केलेली. लिंबाखाली फादरची खुर्ची, आणि तिच्या बाजूला एक बाज आडवी उभी करून ठेवायची. खुर्चीवर फादर, गळ्यात जांभळा पट्टा, आणि बाजेच्या पलीकडे आपण गुडघे टेकायचे. सुंभाच्या जाळीतून हळू आवाजात बोलायचं. शहरातल्या चर्चमध्ये लाकडाची जाळी असते म्हणे. मला अजून कबुली म्हटलं की सुंभाचाच वास येतो.

त्या बाजेपाशी मनकर्णामावशी बसली की रांग थांबायची. बाकीच्यांचं चटकन आटपायचं. कोणी भांडलेलं असायचं, कोणी प्रार्थना चुकवलेली, कोणी सासूला मनात शिव्या दिलेल्या. मावशीचं मात्र संपतच नसे. मागून शालूबाई ओरडायची, "काय वं मनकर्णे, साऱ्या गावाचं पाप तूच एकटी करून राह्यली का? आमच्यासाठी ठेव काही!"

सगळ्या हसायच्या. मावशी उठायची तेव्हा डोळे लाल. आणि नवल म्हणजे, एवढी कबुली देऊनही ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादरच्या हातची पवित्र भाकर, घ्यायला ती उठायची नाही. खोलीत सगळ्यात मागे, दाराजवळ, भिंतीला टेकून बसून राहायची. फादर पापांची क्षमा जाहीर करायचे, आणि ही मात्र उपाशीच घरी जायची. असं दोन वर्षं चाललं. काऊन, ते कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि सगळं होतं माझ्याच घरचं.

माझं पहिलं बाळंतपण पौषात झालं. दिवस भरले नव्हते. त्या वेळी माझ्या सासूबाई सरस्वतीबाई आणि मनकर्णामावशी यांच्यात अबोला होता. मावशीच्या बकरीनं आमचा मेथीचा वाफा फस्त केला होता, एवढंच कारण. पण दोघीही अशा, की वाफा पुन्हा उगवला तरी बोलणं उगवलं नाही.

कळा वाढल्यावर मालक, इंद्रभान, मावशीला बोलवायला गेले. ती आली, मुकाट कामाला लागली. मुलगा झाला. मुठीएवढा, निळसर, मांजरीच्या पिल्लासारखा एकदा बारीक रडला आणि गप्प झाला. मिशनच्या सिस्टरांनी मावशीला शिकवून ठेवलं होतं: ख्रिस्ती घरचं मूल जगेलसं वाटलं नाही तर फादरची वाट पाहायची नाही. असेल ते पाणी घ्यायचं, कपाळावर ओतायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा द्यायचा. मावशीनं तांब्या भरून घेतला. पाणी पौषातलं, गारठलेलं. तिनं एकदा बाळाच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा तांब्याकडे, आणि तांब्या चुलीवर ठेवला.

"इवलंसं लेकरू," ती पुटपुटली, "जरासं कोमट करून घेते."

पाणी कोमट झालं. ती वळली, तोवर बाळ गेलं होतं.

माझं बाळ बाप्तिस्म्यावाचून गेलं, हे मला फार लागलं. फादर आले तेव्हा मी तेच विचारलं. ते दक्षिणेकडचे, पुस्तकातून मराठी शिकलेले, शब्द निवडून बोलायचे. म्हणाले, "मुली, देवाची दया आपल्या तांब्यात मावत नाही. बाळ त्याच्या हाती आहे." तेवढ्यावर मी दिवस काढले.

त्यानंतर मावशीनं ख्रिस्ती घरची बाळंतपणं सोडली. माळ्यांच्या घरी जायची, कुणब्यांच्या घरी जायची, आमच्या वस्तीत कोणाला दिवस गेले की सरळ सांगायची, मेहकरच्या दवाखान्यात जा.

मला पुन्हा दिवस गेले. आठवा लागला तसे मालक तिच्याकडे जाऊन आले आणि तोंड पाडून परत आले. "नाही म्हणते. मेहकरले न्या म्हणते. माह्या हाताले यश नाही म्हणते."

मला मेहकरची भीती. दवाखाना कधी पाहिलेला नाही, आणि कळा लागल्यावर एसटी कुठली मिळायला. मी म्हटलं, मीच जाते. सासूबाई म्हणाल्या, "एकटी कायले जातेस, मी येते." बाळ गेल्यापासून दोघींचं बोलणं सुरू झालं होतं, पण कामापुरतंच.

मावशी ओट्यावर तूर पाखडत होती. आम्हाला पाहिलं आणि तिचे हात थांबले.

मी म्हटलं, "मावशी, मी मेहकरले जात नाही. तुलेच यावं लागंल."

"नको वं कोकिळा. हट्ट करू नको."

"काऊन पण?"

ती सूप खाली ठेवून बसली. मग सगळं एकदम बाहेर आलं.

"इंद्रभान बोलवाले आला, तवा मी मोकळी होती. भांडे घासून झाले होते. तरी म्हटलं, येते, जाय पुढं. म्हटलं, सरस्वतीबाईले जरा कळू दे गरज काय असते ते. चूल सारवली. मग निघाली. दोन पावलं लवकर आली असती तं..."

"हे फादरले सांगितलं का नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"हाव, सांगितलं. त्याच महिन्यात. त्यांनी क्षमा दिली. पण घरी आली अन् ध्यानात आलं, मी म्हटलं होतं, 'उशीर झाला.' झाला कुठं? मी केला! म्हणून पुढल्या बारीले नीट सांगितलं. मग आठवलं, निघता निघता तंबाखू मळली होती. ते राहिलं होतं. ते सांगितलं. मग वाटलं, पाणी तापवलं ते मायेनं, का माह्या हाताले गार लागते म्हणून? आता हे मलेच माहीत नाही, तं फादरले काय सांगू? अन् सांगितलंच नाही, तं क्षमा लागंल कशी?"

"फादर काय म्हणाले?"

"चिडले. म्हणे, मार्थाबाई, ही गोष्ट पुन्हा माझ्या कानावर घालायची नाही. ही विनंती नाही, आज्ञा आहे."

"मग?"

मावशीनं मान खाली घातली. "मग मी एसटीनं बुलढाण्याले गेली. तिथल्या फादरले सांगितलं."

सासूबाईंना हसू आवरलं नाही. "अगं माय! म्हणजे देव गोंधळला असंल, ही डोणगावची बाई अन् ही बुलढाण्याची बाई, एकच का दोन!"

मला मात्र हसू आलं नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला होता. मी इकडे कळा देत होते आणि ही तिकडे चूल सारवत होती, तंबाखू मळत होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. अंगणातल्या बकरीकडे पाहत उभी राहिले.

सासूबाई ओट्यावर मावशीच्या शेजारी बसल्या. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"मनकर्णे, तू बोलावल्यावर उशीर केला. मी तुले बोलावलंच उशिरा. हिच्या कळा केव्हाच्या सुरू झाल्या होत्या. इंद्रभान दोनदा चपला घालून उभा राहिला, मी दोनदा बसवला. म्हटलं, त्या बकरीवालीच्या दारी माणूस कायले धाडू? मीच करते."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दोघींच्या तोंडून, एकाच ओट्यावर.

"मी बी फादरले सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "एकदाच. बाजेपलीकडून ते म्हणाले, देवानं क्षमा केली, शांतीनं जा. म्हणून गेली. घरी येऊन भाकरी टाकल्या. रडत टाकल्या, पण टाकल्या."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. "अन् तुले खरं वाटलं?"

"मले काय वाटते, ते कोण विचारते वं? त्यानं म्हटलं ना झालं म्हणून! आता मी काय त्याच्यावर पंच बसवू?"

"पण सारं सांगितलं का मी, हेच..."

"हे पाह्य," सासूबाईंनी तिचा हात धरला, "बाळंतपण झालं की तू बाळामागची वार अंगणात पुरतेस. वर दगड ठेवतेस. तो कायले?"

"कुत्र्यानं उकरू नये म्हणून."

"मग देवानं पुरलं, दगड ठेवला, अन् तूच रोज नखानं उकरून राह्यली. त्या कुत्र्यात अन् तुह्यात काय फरक राहिला?"

मावशी हसली का रडली ते मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं. पदर तोंडात कोंबून बसली.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी मोठं, गोड बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. माझ्याच्यानं ते झालं नाही. मी म्हटलं, "माहं लेकरू होतं ते. मले राग आला आहे, दोघींचाही. तो जाईल तवा जाईल. देवाइतकी मी मोठी नाही. पण बाळंतपणाले तूच यायचं."

"हात कापले तं?"

"तं मी धरीन," सासूबाई म्हणाल्या. "उठ आता, चहा ठेव. पोटुशी बाई केव्हाची उभी आहे."

पुढच्या मिस्सेला मावशी बाजेपाशी बसली आणि लगेच उठली. शालूबाईची टोमणा मारायची तयारीच झाली नव्हती. ख्रिस्तप्रसादाची वेळ आली. मी मागे वळून पाहिलं. मावशी दाराजवळ, नेहमीच्या जागी. अर्धी उठली, बसली. पुन्हा उठली. भिंतीला हात लावत लावत रांगेत आली आणि फादरपुढे गुडघे टेकले.

फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

इथं 'आमेन' म्हणायचं असतं. मावशी विसरली. बघत राहिली, आणि मोठ्यानं म्हणाली, "हाव."

फादर क्षणभर थांबले, आणि प्रसाद तिच्या जिभेवर ठेवला. कोणी हसलं नाही. शालूबाईसुद्धा.

मला मुलगी झाली. खोलीत दोन्ही म्हाताऱ्या होत्या आणि कोणी कुठं बसावं यावर भांडत होत्या. मुलगी अशी रडली, की रस्त्यावरच्या माणसांनी मालकांना तिथूनच विचारलं, काय झालं म्हणून. बाप्तिस्मा फादरनी सगळ्या वस्तीपुढं दिला. माझा राग केव्हा गेला ते माझ्या ध्यानात नाही. मुलीला न्हाऊ घालताना मावशी पायावर घेऊन बसायची, तिच्या टाळूवर तेल जिरवायची, तेव्हाच कधीतरी गेला असावा.

आता ती वस्तीही तशी राहिली नाही. पक्कं चर्च झालं, पापस्वीकाराला वार्निश केलेली लाकडी जागा झाली. सासूबाई गेल्या, मावशीही गेली. तिच्या हातची पोरं पुण्या-नागपूरला आहेत.

तिच्या मनातल्या शंका कायमच्या गेल्या असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत येत राहिल्या. म्हातारपणी ती संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची, आणि कधी कधी बोलता बोलता गप्प व्हायची. मी ओळखायची. विचारायची, "आली का वं?"

"आली," ती म्हणायची. "म्हणते, नीट सांगितलं नव्हतं तू."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. येते तशी जाते. मी तिले बस म्हणत नाही."